गोष्टीतली माणसे आणि आपली मुले

(तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड येथील पालकांच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही पडलो प्राथमिक शाळेचे मास्तर. मास्तर सभेत उभा राहिला की हजेरी, वह्या आणि परीक्षा यांवर बोलावयाचा, अशी चाल आहे. आज आम्ही ती चाल मोडून गोष्टींतल्या माणसांबद्दल चार शब्द बोलणार आहो. तुमच्यापैकी कोणी म्हणेल, मास्तर, पोराला मुकादमाच्या उचलीचा हिशेब वाचता येऊ द्या, आडत्याची पट्टी तपासता येऊ द्या. गोष्टी काय, घरची म्हातारीही सांगते! म्हणणे रास्त आहे. ज्याला हिशेब येत नाही, त्याचा हिशेब दुसरा करतो. पण बाबांनो, हिशेबाने मुलास आकडा कळतो आणि गोष्टीने आपण कोण, हे कळते. आपण कोण याचीच मांडणी चुकली, तर खालची सारी बेरीज चुकीची येते. म्हणून गोष्टीची तपासणीही आपणच केली पाहिजे.

प्रथम गोष्टीतली माणसे घडतात कशी ते पाहू. वीट पाडणाऱ्याजवळ लाकडी साचा असतो. माती कोणत्याही शेतातली असो, त्या साच्यातून वीट एकाच मापाची निघते. गोष्टींचेही असेच आहे. नावडती राणी, छळलेली सून, धाकटा भाऊ, सावत्र आई, बळकट पण मूर्ख राक्षस, लबाड कोल्हा, वाटेत भेटणारा साधू, ही माणसे गावोगावच्या गोष्टींत नावे बदलून येतात. व्लादिमीर प्रॉप नावाच्या रशियन पंडिताने आपल्या देशातल्या शंभर परीकथा तपासून 1928 साली ग्रंथ लिहिला. त्याने दाखविले की, माणसे शेकडो दिसली तरी त्यांच्या भूमिका सातच: दुष्ट, देणगी देणारा, मदतनीस, जिच्यासाठी खटपट चालते ती राजकन्या व तिचा बाप, कामगिरीवर धाडणारा, नायक, आणि नायकाचे श्रेय लाटणारा तोतया. आपल्या श्रावणातल्या कहाण्या घ्या आणि ही माणसे शोधा. निम्मीअधिक तुम्हाला ओट्यावर बसल्या बसल्या सापडतील.

हे साचे वाईट आहेत, असे आमचे म्हणणे नाही. लहान मुलास जग फार मोठे आणि गुंतागुंतीचे वाटते. साचा त्याच्या हाती दोरी देतो. लेकीकडे निघालेली म्हातारी वाघाला व कोल्ह्याला थाप देते आणि परत येताना भोपळ्यात बसून निसटते, ही गोष्ट ऐकून मूल काय शिकते? अंगात बळ नसले तरी डोके असले म्हणजे वाट निघते, हे शिकते. सोमवारच्या कहाणीतली म्हातारी पाहा. राजाने देवाचा गाभारा दुधाने भरण्याचा हुकूम सोडला. लोकांनी घरच्या लेकरावासरांच्या तोंडचे दूध नेऊन ओतले, तरी गाभारा भरेना. म्हातारीने आधी लेकरांना व वासरांना पाजले, उरलेले खुलभर दूध नेले, आणि त्याने गाभारा भरला. गरिबाघरच्या बाईला याहून मोठा मान कोणत्या पुराणाने दिला आहे?

आता दुसरी बाजू. साचा माणसाच्या स्वभावाचा असतो तोवर ठीक. तो जातीच्या किंवा धंद्याच्या कपाळी मारला की घात होतो. पंचतंत्र हा मोठा ग्रंथ. सहाव्या शतकात तो इराणात गेला, आठव्या शतकात अरबीत आला आणि तेथून युरोपभर पसरला. त्यातली कोष्ट्याची गोष्ट ऐका. कोष्ट्याचा माग मोडला म्हणून तो झाड तोडावयास गेला. झाडातला यक्ष म्हणाला, झाड सोड आणि वर माग. मित्र न्हावी म्हणाला, राज्य माग. बायको म्हणाली, आणखी दोन हात व एक डोके माग, म्हणजे पुढून एक आणि मागून एक अशी दोन वस्त्रे विणशील. त्याने बायकोचे ऐकले. चार हातांचा, दोन डोक्यांचा माणूस पाहून लोकांना तो राक्षस वाटला आणि त्यांनी त्याला दगडकाठ्यांनी ठार मारले. तात्पर्य काय, तर कोष्टी मूर्ख आणि बायकोचे ऐकणारा त्याहून मूर्ख!

आमचा प्रश्न एवढाच की, त्याने राज्य का मागितले नाही? ज्याच्या घरात दोन हातांच्या कमाईवर चार तोंडे जेवतात, त्याला स्वप्नसुद्धा हातांचेच पडते. उसाच्या फडात नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. त्यांना यक्ष भेटला तर तेही आधी दोन हातच मागतील. यात मूर्खपणा किती आणि गरज किती, हे मुलांना विचारावे. आणि राज्य मागण्याची अक्कल त्याच गोष्टीत एका न्हाव्याने दिली आहे, हेही त्यांच्या नजरेस आणून द्यावे.

त्याच ग्रंथात एक कुंभार आहे. तो खापरांवर पडला आणि त्याच्या कपाळी मोठी खोक पडली. पुढे दुष्काळात तो परमुलखी गेला. खोक पाहून राजाने त्याला शूर समजून पदरी ठेवले. लढाईच्या वेळी राजाने खोकेची हकिगत विचारली, तेव्हा कुंभाराने खरे ते सांगितले, आणि राजाने त्याला हाकलून दिले. वर आणखी सिंहिणीने पाळलेल्या कोल्ह्याच्या पोराचा दाखला दिला आहे की, तू ज्या कुळात जन्मलास त्या कुळात हत्ती मारीत नाहीत. खरे बोलणाऱ्या माणसाची चाकरी गेली, आणि बोल लागला तो त्याच्या कुळाला!

न्यायाने बोलावयाचे तर पंचतंत्राने पंडितांनाही सोडलेले नाही. मेलेल्या सिंहाला विद्येच्या बळावर जिवंत करून त्याच्याच तोंडी पडणारे ब्राह्मण त्याच ग्रंथात आहेत. पण तेथे विद्येला बट्टा लागत नाही. व्यवहार नसलेल्या तिघांना लागतो, आणि झाडावर चढून वाचलेला चौथा त्यांच्यातलाच असतो. कोष्टी व कुंभार यांच्या वाट्याला असा शहाणा चौथा येत नाही. भेद येथे आहे.

या साच्याला उत्तर आपल्याच मुलखात आहे. धाराशिव जिल्ह्यातले तेर हे गोरोबाकाकांचे गाव. संतमेळ्यात कोणाचे मडके पक्के आणि कोणाचे कच्चे, हे पारखण्याचा मान या कुंभाराला मिळाला, आणि पारखण्याचे साधन होते त्याच्या धंद्यातले थापटणे! राजवाड्यातून हाकललेला कुंभार आणि संतांची डोकी पारखणारा कुंभार हे दोघेही गोष्टीतलेच. न्हाव्याच्या पोटात गुपित राहत नाही ही गोष्ट जितकी चालते, तितकीच सेना न्हाव्याचीही चालली पाहिजे. सावता माळी अरणचे, जनाबाई गंगाखेडच्या. ही माणसे आपल्याला मुंबई-पुण्याहून आणावयाची नाहीत.

बायकांवरचा साचा तर याहून जुना. सावत्र आई दुष्ट, सासू कजाग, सवत कपटी. शाळेत आज अशी मुले आहेत की ज्यांना दुसऱ्या आईने पोटच्यासारखे वाढविले आहे. ती गोष्ट वाचताना त्या मुलाने कोणाकडे पाहावे? 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून, कथा-नाटकांतून साऱ्या कपटाचा दोष बाईच्या माथी मारण्याच्या चालीचा खरपूस समाचार घेतला. हे काम एका बाईने एवढ्या वर्षांपूर्वी केले. आपण निदान वाचताना थांबून विचारू तरी या.

मग जुन्या गोष्टी जाळाव्या काय? मुळीच नाही. जुने जोते काढून टाकले तर भिंत कशावर उभी करणार? गोष्ट पारखण्याची एक कसोटी आम्ही सांगतो, ती ध्यानात ठेवा. गोष्टीतला माणूस शेवटापर्यंत काही शिकतो काय? ज्या गोष्टीत भोळा तो भोळाच राहतो, ती ऐकणाऱ्या भोळ्यालाही तसाच ठेवते. ज्या गोष्टीत भोळा शहाणा होतो, ती मुलाला वाट दाखविते.

याचा पहिला मोठा दाखला जोतीराव फुले यांनी घालून दिला. 1855 साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यातली माणसे साच्यातलीच आहेत: भोळा कुणबी, त्याची गरोदर बायको, ग्रहांची भीती घालणारा जोशी, एक पाद्री, आणि मधून मधून टोले हाणणारा विदूषक. जोशी भय दाखवितो, कुणबी कर्ज काढून खर्च करतो. येथवर गोष्ट जुनीच. पण पुढे नवराबायको विचार करू लागतात, आपण अडाणी राहिलो म्हणून फसलो हे त्यांना उमगते, आणि शेवटी दोघेही रात्रीच्या शाळेत जाण्याचे ठरवितात. साचा जोतीरावांनी जुनाच घेतला, पण वीट नवी पाडली! हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले होते. तेथे ते नापसंत झाले आणि छापून निघण्यास 1979 साल उजाडले. शिकणारा कुणबी सव्वाशे वर्षे कागदातच बसून राहिला आणि फसणारा कुणबी मात्र गावोगाव हिंडत होता, हे लक्षात घ्या.

आता आजच्या काळाचा एक नवा साचा सांगतो, कारण तो थेट आपल्या घरावर आला आहे. आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. मुले कोणाची बरोबर कोपीवर जातात, कोणाची आजीजवळ राहतात, कोणाची हंगामी वसतिगृहात. या मुलावर कोणी लिहिले की बहुधा दोनच साचे वापरतात. एक बिचाऱ्याचा, ज्याला पाहून वाचणाऱ्याने हळहळावे. आणि दुसरा कलेक्टर झालेल्याचा, ज्याला पाहून टाळ्या वाजवाव्या. या दोहोंच्या मध्ये जे मूल खरोखर आहे, जे धाकट्या भावाला सांभाळते, बैलाच्या चालीवरून त्याचे दुखणे ओळखते, मोळ्या मोजताना चुकत नाही आणि शाळेत परत आल्यावर चार महिन्यांचा अभ्यास भरून काढण्यासाठी झटते, ते कोणत्या गोष्टीत आहे? त्याला दया नको आणि आरतीही नको. त्याला त्याच्या शहाणपणासकट गोष्टीत जागा पाहिजे.

म्हणून, मायबापहो, मूल घरी गोष्ट वाचील किंवा मोबाईलवर पाहील, तेव्हा त्याला चार प्रश्न विचारा. विचारणाऱ्यास लिहिता-वाचता आलेच पाहिजे असे नाही. भाकरी थापता थापता विचारता येतात. पहिला: या माणसाचा धंदा कोणता, आणि त्या धंद्याची सगळी माणसे अशीच असतात काय? दुसरा: त्याने असे का केले असेल? तिसरा: हीच गोष्ट त्याने स्वतः सांगितली तर कशी सांगेल? चौथा: शेवटी तो काही शिकला काय?

चिमणी-कावळ्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. कावळ्याचे घर शेणाचे, ते पावसात वाहून गेले. चिमणीचे मेणाचे, ते टिकले. आता शेणाने सारवलेल्या घरातल्या मुलाला विचारा की, वैशाखात गोदाकाठी जे ऊन पडते त्यात मेणाच्या घराचे काय होईल? मूल हसेल, विचार करील, आणि कावळ्याच्या बाजूने एक नवी गोष्ट सांगेल. ते हसणे म्हणजे साचा फुटल्याचा आवाज आहे, असे समजा.

शेवटची गोष्ट मुलांसाठी. 1855 सालीच, ज्या वर्षी जोतीरावांनी नाटक लिहिले त्याच वर्षी, त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. जिच्या जातीला गोष्टीत जागा नव्हती, त्या जातीच्या शाळकरी मुलीने लेखणीच हाती घेतली. बाळांनो, तुम्हाला यापेक्षा निराळे काय सांगावे? येत्या रविवारी आजीला, मामाला, शेजारच्या सुतारबाबाला विचारून एका खऱ्या माणसाची गोष्ट लिहून आणा. त्याचे काम कसे चालते, तो कोठे फसला आणि त्यातून काय शिकला, एवढे लिहा. शुद्धलेखन आम्ही पाहू. माणूस मात्र तुमचा असू द्या. आलेल्या गोष्टी आम्ही शाळेत मोठ्याने वाचू, आणि मायबापांनी ऐकावयास जरूर यावे.