दोन घरांचे मूल आणि एक चित्रपुस्तक



ज्या बाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्या हाताखाली मी प्राथमिक शिक्षिकेचे काम शिकले. ‘पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावायचे नाही’ हा त्यांचा पहिला धडा. त्याचा अर्थ मला पुढे एका मुलाने शिकवला. आज त्याविषयीच बोलणार आहे.

आपल्या बडोद्याला ग्रंथालये आणि घटस्फोट हे दोन्ही विषय फार लवकर परिचित झाले. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून गावोगावी वाचनालये पोहोचवली. याच संस्थानाने १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. देशाचा हिंदू विवाह कायदा त्यानंतर २४ वर्षांनी, १९५५ मध्ये आला, आणि परस्परसंमतीने विभक्त होण्याची तरतूद त्यात १९७६ मध्ये झाली. १९५६ च्या पालकत्वविषयक कायद्याने अज्ञान मुलाचे हित सर्वोपरी मानले. परंतु त्या मुलाशी बोलायचे कोणी आणि कसे, हे कोणताही कायदा सांगत नाही.

कॅलिफोर्नियात वॉलरस्टाइन आणि केली या दोन संशोधिकांनी १९७१ पासून विभक्त होणाऱ्या ६० कुटुंबांतील १३१ मुलांचा अभ्यास केला. १९८० मध्ये तो ग्रंथरूपाने आला. अगदी लहान मुलांपैकी बहुतेकांना घरात काय घडत आहे हे कोणी नीट समजावून सांगितलेच नव्हते, असे त्यांना आढळले. न सांगितलेल्या गोष्टीचे कारण मूल स्वतःच शोधते, आणि पुष्कळदा ते स्वतःमध्येच शोधते : मी दूध सांडले म्हणून बाबा गेले, मी हट्ट केला म्हणून आई रडली.

माझ्या दुसरीच्या वर्गात असा एक मुलगा होता. आठवड्यातील काही दिवस तो आईकडे, काही दिवस वडिलांकडे राही. त्याची वही वरचेवर राहून जाई. ‘त्या घरी राहिली’, एवढेच तो सांगे. मी रागावत असे. कारण कळल्यावर मला अपराधी वाटले आणि उत्साहाच्या भरात मी दुसरी चूक केली. परदेशी असलेल्या एका माजी विद्यार्थिनीने क्लेअर मासुरेल यांचे ‘टू होम्स’ हे २००१ साली निघालेले चित्रपुस्तक पाठवले होते. त्यातील ॲलेक्सला दोन घरे आहेत; दोन दरवाजे, दोन खोल्या. त्यात भांडण नाही, कोर्ट नाही. इंग्रजी मजकुरावर मराठीच्या पट्ट्या चिकटवून मी ते सगळ्या वर्गासमोर वाचले आणि त्या मुलाकडे पाहून विचारले, ‘आपल्याही वर्गात कोणाची दोन घरे आहेत ना?’ चाळीस माना एकदम वळल्या. तो खाली बघत राहिला. पुढे कित्येक दिवस वाचनाचा तास सुरू झाला की त्याला तहान लागे.

मी बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, ‘तू पुस्तक त्याच्या हातात दिले नाहीस, त्याच्या अंगावर टाकलेस. आता ते खालच्या फळीवर ठेव आणि गप्प बस.’

मी तसे केले. महिना लोटला. एके दिवशी मधल्या सुट्टीत तो ते पुस्तक घेऊन जवळ आला आणि चित्रावर बोट ठेवून म्हणाला, ‘बाई, ह्याची वही राहते का त्या घरी?’

‘राहत असेल,’ मी म्हटले.

‘मग त्याच्या बाई रागावतात?’

‘आधी रागवायच्या. त्यांना ठाऊक नव्हते. आता नाही रागवत.’

त्याने पान उलटले. थोड्या वेळाने त्याने विचारले, ‘त्याने काही केले होते का?’ मी म्हटले, ‘नाही. मोठ्या माणसांचे ते मोठ्या माणसांमध्येच होते. त्याने काहीच केले नव्हते.’ दुसऱ्या दिवसापासून त्याची एक जादा वही शाळेच्या कपाटात राहू लागली.

मित्रहो, चित्रपुस्तकाचे सामर्थ्य मला त्या दिवशी कळले. मूल आणि शिक्षक समोरासमोर बसले की प्रश्नाची उलटतपासणी होते. दोघे शेजारी बसून एका चित्राकडे पाहू लागले की मुलाला स्वतःविषयी न बोलता स्वतःचे बोलता येते. लॉरीन आणि मार्क ब्राउन यांनी १९८६ मध्ये ‘डायनोसॉर्स डिव्होर्स’ या पुस्तकात याचसाठी माणसांऐवजी डायनोसॉरची कुटुंबे रेखाटली असावीत. डायनोसॉरचे दुःख सांगायला मुलाला लाज वाटत नाही.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच. पुस्तक आधी स्वतः वाचा. अखेरीस आईवडील पुन्हा एकत्र येतात अशी गोष्ट सांत्वन म्हणून देऊ नका. ती आशा मुलाला फार महागात पडते. कोणाची बाजू घेऊ नका. मूल ॲलेक्सविषयी विचारत असेल, तर ॲलेक्सविषयीच उत्तर द्या. पुस्तक सर्वांसाठी ठेवा, म्हणजे ते एकट्याचे होणार नाही. मुलाचे खाणे, झोप, बोलणेच थांबले, तर पुस्तकावर विसंबू नका. दोन्ही पालकांशी बोला, तज्ज्ञांची मदत घ्या.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, शाळेला देणगी देताना खालच्या फळीची आठवण ठेवा. एकाच छपराखालच्या घरांची पुस्तके तिथे पुष्कळ आहेत. दोन घरांचीही थोडी असू द्या, आणि कपाटाला कुलूप नसू द्या. बाईंचे स्मारक याहून वेगळे काय असणार?