दिव्यांची डाक

इंग्लंडात 1957 साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची जी हलकी मोटार काढली, ती ग्राहकास सुट्या भागांच्या रूपानेही मिळत असे. कारण तयार मोटारीवर सरकार जो खरेदी-कर वसूल करी, त्यातून सुटे भाग मुक्त होते. 1973 साली तो कर गेला आणि सेव्हन केटरहॅम या पेढीकडे आली, तरी घरी स्वहस्ते मोटार जोडण्याचा तिकडील छंद ओसरला नाही. माझ्या तेथील वास्तव्यात एका शेजाऱ्याच्या अशा गाडीची वीजजोडणी करण्यात मी कित्येक रविवार घालविले. त्यातील पुढच्या दिव्यांच्या प्रकरणाविषयीच आज बोलावयाचे आहे.

प्रथम आम्ही सरळ मार्ग धरला. बॅटरीपासून तार चालकासमोरच्या स्विचापर्यंत आणली, तेथून डिपरच्या खटक्यातून पुन्हा पुढे दिव्यांकडे नेली. अंधार पडल्यावर दिवे लावले, तो प्रकाश पिवळट आणि स्विच हाताला गरम! पंचावन्न वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टांवर नऊ अँपिअरांहून अधिक प्रवाह ओढतात; एवढा भार बारीक तारेच्या लांब वाटेने आणि नाजूक खटक्यांतून गेला, की वाटेतच विजेचा दाब खर्ची पडतो, आणि दाब एक दशांशाने उतरला तर प्रकाश जवळजवळ तीन दशांशांनी उतरतो.

यावर उपाय रिलेचा. आपल्याकडे ‘डाक’ या शब्दाचा जुना अर्थ टप्प्याटप्प्यावर सज्ज ठेवलेले घोडे वा जासूद असा होता. इंग्रजीतील ‘रिले’ हा शब्दही अशाच ताज्या दमाच्या जनावरांवरून आला, आणि तारायंत्राच्या काळी, लांब पल्ल्याने क्षीण झालेला प्रवाह ज्या विद्युच्चुंबकाच्या योगे पुढच्या टप्प्यावरील बॅटरीला कामास लावी, त्यास तो यथार्थपणे मिळाला. मोटारीतही तेच घडते. स्विचाने केवळ हुकूम पाठवावा. त्या हुकुमास एक पंचमांश अँपिअरदेखील लागत नाही. चुंबक पट्टी ओढून घेतो, आणि दिव्यांचा खरा भार बॅटरीपासून जाड तारेने, जवळच्या वाटेने, दिव्यांपर्यंत पोहोचतो. रिलेवर आकडे कोरलेले असतात: 85 आणि 86 ही गुंडाळीची टोके, 30 वर बॅटरीची तार, 87 वरून दिव्याकडे जाणारी. अप्पर आणि डिपर यांस एकेक स्वतंत्र रिले द्यावा. ब्रिटिश प्रघाताप्रमाणे निळ्यावर पांढरी रेघ अप्परची, निळ्यावर तांबडी डिपरची; हा रंगांचा दंडक मोडू नये, कारण दहा वर्षांनी दोष शोधणारा दुसराच कोणी असतो.

परतीच्या वाटेची हेळसांड मात्र सर्वांत अधिक होते. फायबर ग्लासच्या अंगातून वीज वाहत नाही आणि रंगविलेल्या लोखंडी आधारावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून प्रत्येक दिव्यापासून काळी तार आणून, रंग खरवडलेल्या सांगाड्यावर ती बोल्टने घट्ट आवळावी.

आणि एका गोष्टीत मी तडजोड करीत नाही: दोन्ही दिव्यांना मिळून एकच फ्यूज कदापि नसावा. आम्ही 87 पुढे डाव्या-उजव्या दिव्यांच्या तारा फोडून प्रत्येकीस निराळा फ्यूज बसविला. त्या रात्री शेजाऱ्याने खटका दाबला, पुढून ‘टक्’ असा बारीक आवाज आला, आणि समोरच्या कुंपणाचे पान न् पान पांढरे लख्ख दिसू लागले.