पिऊन गाडी चालवाल तर...

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो, हे अनेकांना ठाऊकच नसतं. 1949चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. वर्धा आणि गडचिरोलीत तर पूर्ण बंदी.

मला जास्त काळजी वाटते ती रस्त्याची. ढाब्यावरून, हळदीच्या कार्यक्रमातून परतताना चावी न प्यालेल्या माणसाकडेच द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 सांगतं: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क आढळला, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात, तर कैद दोन वर्षांपर्यंत किंवा दंड 15,000 रुपये, किंवा दोन्ही. दुचाकीलाही हेच नियम. शिवाय वाहन चालवण्याचा परवाना निलंबित होऊ शकतो, ते वेगळंच.