चौकोनांचा संसार



व्याख्यानमालेत व्हिडिओ गेमवर बोलावयाचे म्हटल्यावर काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. पोरे आधीच मोबाईलवर डोळे फोडून घेतात, त्यात आणखी व्याख्यान कशाला? तक्रार खोटी नाही. परंतु कोणत्याही कलेचा न्याय तिच्या वाईट नमुन्यांवरून करू नये. म्हणून एक चांगला नमुना आम्ही आपणापुढे ठेवतो.

'थॉमस वॉज अलोन' हा खेळ माइक बिथेल या इंग्रज तरुणाने रचला. त्याचे पहिले छोटे रूप 2010 साली अवघ्या चोवीस तासांत तयार झाले. पुढे नोकरी सांभाळून त्याने ते वाढविले आणि 2012 साली पूर्ण खेळ बाहेर आला. पडद्यावर दिसते काय? नाक नाही, डोळे नाहीत. नुसते रंगीत चौकोन. त्यांना उड्या मारीत आपापल्या दारापाशी न्यावयाचे. थॉमस लाल आणि उभट. ख्रिस नारिंगी, बुटका, तोकड्या उडीचा आणि कुरकुऱ्या. क्लेअर निळी, अंगाने थोराड. तिची उडी बेताची, पण ती पाण्यावर तरंगते. इतर पाण्यात पडले की संपले. मग तिच्या पाठीवर बसूनच त्यांना पैलतीर गाठावा लागतो. एक जरी मागे राहिला, तरी पुढचा टप्पा उघडत नाही.

या चौकोनांच्या मनातले हेवेदावे, भीती आणि मैत्री निवेदक सांगत जातो, आणि पाहता पाहता खेळणाराचा जीव त्यांच्यात गुंततो. निवेदन करणाऱ्या डॅनी वॉलेस यांना 2013 साली ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. कोडी फार सोपी आहेत, अशी कुरकूर काही समीक्षकांनी केली. ती आम्हांस रास्त वाटते. तरीही लोकांच्या लक्षात राहिले ते चौकोनांचे स्वभावच.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 2020 साली 'राजी' हा खेळ आणला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, नक्षीदार महाल, बाहुल्यांच्या सावल्यांतून उलगडणारी कथा, असा त्याचा थाट. 2017 साली लोकवर्गणीचा प्रयत्न अपुरा पडला होता, तरी मंडळी हटली नाहीत. चित्रांची जगभर वाहवा झाली. लढाई कच्ची आहे, शेवट घाईचा आहे, असेही ऐकावे लागले. आम्हांस या खेळाचे कौतुकच आहे. पण असा थाट उभारावयाचा तर माणसे हवीत, पैसा हवा. चौकोनाला तो खर्च नाही.

आणि चौकोन आपणांस परका तरी कोठे आहे? फरशीवर कोळशाने रेघा ओढल्या, खडे मांडले, की एक खडा वाघ होतो आणि बाकीचे बकऱ्या. खड्याला शेपूट काढावे लागत नाही. ते आपले मन काढते.

म्हणून एवढेच मागणे, की चिखलीत, मेहकरात वा खामगावात एखादे पोर संगणकावर चौकोन हलवीत बसलेले दिसले, तर 'काय खेळतोस?' म्हणून दरडावण्याआधी 'काय रचतोस?' असे विचारून पाहा. उत्तर मिळाले, तर चार घटका त्याच्याजवळ बसा.