अगस्तीच्या साक्षीने
(अर्धापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



अर्धापूरच्या शेतकऱ्याला रात्र अनोळखी नाही. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की केळीला, हळदीला पाणी देण्यासाठी त्याला शिवारात जावेच लागते. पाणी सरीतून वाहू लागते. मन मात्र विवंचनांभोवती घिरट्या घालत राहते. बँकेचा हप्ता, मुलीचे लग्न, पडलेला भाव! दिवसा टेकडीएवढी असलेली चिंता रात्री पर्वताएवढी होते.

अशा वेळी मान वर करून आकाश पाहावे, एवढेच मला सुचवायचे आहे. माघ महिन्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे पाहा. उंचावर तेजस्वी व्याध दिसेल आणि त्याच्या बराच खाली, क्षितिजापासून थोड्याच उंचीवर, अगस्ती. व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे साडेआठ वर्षे लागतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या दिवसांत व्याधापासून निघालेले किरण २०२४ सरता सरता येथे पोहोचले. ते वाटेत असतानाच, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मराठवाड्यावर दमदार पाऊस झाला. तेव्हा आपली झोप उडवणारी चिंता कोणती होती, हे आज आपल्यापैकी किती जणांना आठवते?

अगस्ती तर सुमारे ३१० प्रकाशवर्षे दूर आहे. गुरू गोविंदसिंहजींनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला. त्यानंतर काही वर्षांतच निघालेला प्रकाश आज आपल्या डोळ्यांत उतरतो आहे.

कोणी विचारेल, तारे पाहून कर्ज फिटते काय? नाही फिटत. शेतकऱ्याचे दुःख क्षुद्र आहे, असेही मी म्हणणार नाही. मराठवाड्याने कितीतरी कर्ती माणसे स्वतःच्या हाताने आयुष्य संपवताना पाहिली आहेत. परंतु संकट खरे असले, तरी रात्रीच्या एकांतात त्याला येणारा आकार खरा असतोच असे नाही. आकाश संकट दूर करीत नाही. ते त्याचे माप दाखवते.

पुराणात अगस्तींनी वाढत्या विंध्याला वाकायला लावले. त्यांनी पर्वत फोडला नाही. मी परत येईपर्यंत असाच राहा, एवढेच सांगितले. आपणही चिंतेला सांगावे, उजाडेपर्यंत थांब. आणि उजाडले की ती मनात कोंडून न ठेवता घरातल्यांना, शेजाऱ्याला सांगावी. एकट्याला पर्वत वाटणारे ओझे चार खांद्यांवर वाहता येते.