फुलांच्या आधी अपशिंगे

भाद्रपदात कासची फुलं बघायला घरच्यांना घेऊन साताऱ्याकडे निघालात, तर एक विनंती आहे. आधी अपशिंगे मिलिटरी या गावी थांबा. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांचं स्मारक गावात आहे. आजही इथली मुलं पिढ्यान् पिढ्या फौजेत जातात.

यंदा आम्ही गेलो, तेव्हा रस्त्याकडेचं सोयाबीन पिवळं पडू लागलं होतं. स्मारकापाशी नातीने विचारलं, "आजोबा, हे लढले कुणासाठी? राज्य तर इंग्रजांचं होतं ना?"

मी म्हणालो, "राज्य इंग्रजांचं होतं, बाळा. पोरं आपली होती."

मुलांना हा प्रश्न पडू द्या. फुलं दुपारीही तिथंच असतात.

जय हिंद.