दुसऱ्याच्या घरचे बारा दिवस

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीसमोर उभं राहून बोलायची आम्हाला सवय नाही. आम्ही डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलेली माणसं. साइटवर जायचं, मापं घ्यायची, एम. बी. भरायची, बिल पाठवायचं. भाषण करणं आमच्या कामात बसत नाही. आणखी एक सांगून ठेवतो. आज 'आम्ही' म्हणू तेव्हा कधी ते आम्ही स्वतः असू, तर कधी आमच्या गल्लीतली सात घरं. तेवढं सांभाळून घ्या.

विषयाला सुरुवात झाली ती अमेरिकेतून आलेल्या एका फोनमुळे. आमच्या आतेभावाची मुलगी तिकडे हायस्कुलात आहे. तिथल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती तीन आठवडे कोस्टा रिका या देशात गेली होती. स्पॅनिश बोलणाऱ्या एका कुटुंबात राहायचं, सकाळी गावातल्या शाळेच्या भिंती रंगवायच्या आणि शेवटचे काही दिवस ज्वालामुखीच्या डोंगरात चालायचं, असा तो कार्यक्रम. आतेभावाने फी सांगितली, आम्ही मनात तिचे रुपये केले आणि विषय बदलला. मुलीने मात्र फोन हातात घेऊन एक गोष्ट सांगितली, ती डोक्यात राहिली. ती म्हणाली, "काका, शाळेत तीन वर्षं स्पॅनिश शिकले, पण पहिले चार दिवस मला पाणीसुद्धा मागता येईना. घरातल्या आजींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणूनच मी बोलायला लागले."

तिकडे हा प्रकार जुना आहे. 1932 साली डोनाल्ड वॅट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने काही मुलांना युरोपात नेलं. त्याने आपल्या उपक्रमाला 'एक्स्पेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' म्हणजे परक्यांबरोबर राहून पाहण्याचा प्रयोग, असंच साधं नाव दिलं. पुढे त्यात मुलाने यजमान कुटुंबातच राहायचं हा भाग पक्का झाला. एएफएस ही दुसरी संस्था तर युद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या रुग्णवाहिकांच्या स्वयंसेवकांची. दोन महायुद्धं पाहिल्यावर त्यांनी 1947 पासून हायस्कुलातली मुलं एकमेकांच्या देशांत पाठवायला सुरुवात केली. शत्रूच्या घरी जेवलेला मुलगा त्या घरावर गोळी झाडताना विचार करील, असा त्यामागचा हिशेब असावा.

आपल्याकडे हा विचार नव्हता असं नाही. साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. तिथे दक्षिणेतल्या सत्याग्रहींच्या संगतीत ते तमिळ शिकले आणि पुढे तिरुवल्लुवरांचा 'कुरल' त्यांनी मराठीत आणला. त्यांच्या आंतरभारतीची कल्पना म्हणजे दुसरं काय? पु. ल. देशपांडे आपल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. ते पन्नाशीच्या आसपास बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले. आणि काकासाहेब कालेलकर तर आपल्या बेळगुंदीच्या घराण्यातले. मातृभाषा मराठी, पण गुजराती अशी लिहिली की गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत. 1965 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो गुजराती पुस्तकासाठी. 1912 च्या सुमारास ते हिमालयात पायी फिरले, आणि त्या प्रवासाचं पुस्तकही गुजरातीतच लिहिलं. भाषा, सेवा आणि डोंगर ही तिन्ही कलमं एका माणसाच्या नावावर. बेळगुंदी इथून सिटी बसच्या अंतरावर आहे आणि आम्ही मात्र कोस्टा रिकाच्या फीचा विचार करत बसलो होतो.

आता थोडं स्वतःबद्दल. आम्ही मराठी शाळेत शिकलो. कन्नड विषय होता, पास होण्यापुरतं केलं. नोकरीला लागल्यावर खात्याची कन्नड परीक्षाही पास झालो. पहिली नेमणूक झाली ती जिल्ह्यातल्याच एका कन्नड तालुक्यात. तिथे पाण्याच्या पाइपलाइनसाठी चर खोदायचं काम चाललं होतं. संध्याकाळी एक वयस्कर मजूरबाई चराकडे हात करून आम्हाला बराच वेळ काहीतरी सांगत होती. आम्हाला वाटलं, मजुरीचं काहीतरी असेल. "हौदु, हौदु" म्हणून मान हलवली आणि जीपमध्ये बसलो. ती सांगत होती की कडेची माती ओली झाली आहे, आत झिरपा आहे, उद्या पोरांना चरात उतरवू नका. सकाळी कड ढासळली आणि तिचाच मुलगा कमरेपर्यंत गाडला गेला. माणसांनी हातांनी माती उपसून त्याला बाहेर काढला. पाय मोडला, जीव वाचला. ती बाई नंतर आम्हाला एकच वाक्य बोलली आणि तेवढं मात्र आम्हाला कळलं: "हेळिद्नल्री साहेब्रं." सांगितलं होतं की हो, साहेब.

त्यानंतर आम्ही क्वार्टर सोडलं आणि गावात एका घरी खोली घेतली. घरमालकिणीला सगळे अव्वा म्हणायचे. अव्वांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. पाच महिन्यांत आम्ही जे शिकलो ते पाच वर्षांत शाळेने शिकवलं नव्हतं. यात शाळेचा दोष नाही. भूक लागल्याशिवाय भाषा येत नाही.

म्हणून गेल्या मे महिन्यात आम्ही सात घरांनी ठरवलं की मुलांना पाठवायचं, पण कित्तूरच्या पलीकडे. बैलहोंगलच्या बाजूला आमच्या एका सहकाऱ्याचं गाव आहे. त्याने गावात सात घरं पाहिली. आठवी ते दहावीतली आमची सात मुलं, त्यात तीन मुली, एक निपाणीहून आलेली भाची. बारा दिवस.

सगळ्यात मोठा वाद झाला तो एका घरात किती मुलं ठेवायची यावर. आयांचं म्हणणं, दोघं-दोघं ठेवा, सोबत होते. आम्ही हटून बसलो की एका घरात एकच. दोघं राहिली की खोलीत बसून मराठी बोलणार, मग पाठवायचं कशाला? शेवटी दोन आया आधी जाऊन घरं पाहून आल्या. पहिल्यांदा संडास पाहिला, मग घरातल्या बायका पाहिल्या, मग चहा घेतला आणि हो म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. जेवणाचा प्रश्न तिसरा. सगळी घरं लिंगायतांची, म्हणजे बारा दिवस मासा नाही. एका पोराला हे कोस्टा रिकापेक्षा लांब वाटलं असावं.

खरी अडचण आली ती वेगळीच. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचे आजोबा. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यांनी लाठी खाल्लेली, खांद्याला अजून त्रास आहे. ते म्हणाले, "आम्ही मार खाल्ला तो नातीला कन्नड शिकायला पाठवण्यासाठी?" आम्ही सरकारी नोकर. सीमाप्रश्नावर जाहीर बोलायची आम्हाला मुभा नाही, आज इथेही बोलणार नाही. पण त्या दिवशी त्यांच्या ओसरीवर बसून आम्ही एवढंच म्हणालो, "बाबा, तुम्ही भांडलात ते सक्तीशी. नात जाते आहे ती तिच्या मर्जीने. तिलाच विचारा." नात म्हणाली, "मला जायचंय." आजोबा उठून आत गेले. बारा दिवस त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं.

मुलांचे पहिले दिवस कसे गेले ते त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखं आहे. एकाला 'बेकु' म्हणजे हवं हे ठाऊक होतं, पण पुरे म्हणायला 'साकु' लागतं हे तो घाबरून विसरला. यजमानीण विचारायची आणि हा मान हलवायचा. पहिल्या रात्री त्याने ज्वारीच्या पाच रोट्ट्या खाल्ल्या. निपाणीची भाची घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला "ताई, ताई" म्हणायला लागली. कन्नडमध्ये तायि म्हणजे आई. म्हातारी आजी हसता हसता खाली बसली की आमच्या पोरीचं लग्न व्हायच्या आधीच हिने तिला आई केली. त्यावरून अक्का म्हणायचं ठरलं. अक्का तर आपलीच, अण्णाही आपलाच, तूप म्हणजे तुप्प. चौथ्या-पाचव्या दिवशी मुलांनी असे सारखे शब्द वहीत लिहायला सुरुवात केली.

सगळं छान झालं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. एक मुलगा पाचव्या दिवशी रडून रडून आजारी पडला आणि आम्ही त्याला जाऊन घेऊन आलो. आणखी दोन दिवस थांबायला हवं होतं असं आमची मंडळी म्हणतात, आम्हाला अजून ठरवता येत नाही. सेवेचं म्हणाल तर मुलांनी सकाळी सहा ते नऊ गावच्या तलावाच्या काठाचा गाळ काढला, घमेल्यांची साखळी करून. आम्ही सिव्हिलची माणसं, मनातल्या मनात माप घेतलंच. तो गाळ एका जेसीबीने अर्ध्या सकाळीत काढला असता. सेवा झाली ती त्या सात घरांनी केलेली. आमच्या मुलांनी ती करून घेतली. परदेशातल्या त्या रंगवलेल्या भिंतींबद्दलही आम्हाला आता तसंच वाटतं. पण घमेलं हातातून हातात देताना शेजारच्याला काहीतरी म्हणावं लागतं. 'हिडी', धर. 'तड्री', थांबा. मुलांची भाषा तिथे सुटली.

चालणंही झालं. गावातल्या पोरांबरोबर आमची मुलं एक दिवस नंदगडला गेली. संगोळ्ळी रायण्णाला 1831 मध्ये फाशी दिली ती तिथे. नंदगड आपल्या खानापूर तालुक्यात, गावात मराठी बोलतात आणि समाधीला येणारे लोक कन्नड बोलतात. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या मुलांनी यजमानांच्या मुलांसाठी दुभाष्याचं काम केलं. चहाच्या दुकानात, चार वाक्यांचं. परत आल्यावर ते चौघांनी चार वेळा सांगितलं.

मग त्या सात घरांतली पाच मुलं सहा दिवसांसाठी आमच्याकडे आली. ही परतफेड आमच्या अटीतच होती. एकतर्फी पाहुणचार फार काळ टिकत नाही. त्यांना घेऊन आम्ही पारगडला गेलो. चंदगड तालुक्यातला हा गड नुसते अवशेष नाही, वर माणसं राहतात. शिवाजी महाराजांनी तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा याला इथली किल्लेदारी दिली, आणि मालुसऱ्यांचे वंशज आजही त्या परिसरात आहेत. रायण्णाच्या गावची मुलं रायबाच्या गडावर भवानीच्या देवळासमोर डबे उघडून बसली होती आणि आमची मुलं त्यांना तानाजींची गोष्ट मोडक्या कन्नडमध्ये सांगत होती. घोरपडीला कन्नडमध्ये काय म्हणतात हे कुणाला येईना. मग एक जण दगडाला चिकटून सरपटत वर चढून दाखवायला लागला आणि पलीकडची पाचही मुलं एकदम ओरडली, "उडा! उडा!" आमची मुलं घाबरून मागे सरली, त्यांना वाटलं उडी मारायला सांगतात.

आता विचाराल, बारा दिवसांत काय आलं? फार नाही. कन्नड वर्तमानपत्र कुणी वाचत नाही. पण त्या आजोबांच्या नातीने जूनमध्ये त्यांच्या शेताचा उतारा हातात घेतला आणि अक्षरं लावत लावत वाचला. आजोबांच्या वडिलांचं नाव त्यात चुकीचं लागलं होतं. किती वर्षं तसंच होतं कोण जाणे. घरात कुणी तो कागद वाचलाच नव्हता, घडी करून ट्रंकेत ठेवला होता. दुरुस्तीचा अर्ज आम्ही लिहून दिला, ते काम अजून चालू आहे.

आणि आजोबांचं सांगायचं राहिलं. ती पाच मुलं आली तेव्हा एक मुलगा त्यांच्याच घरी होता. पहिल्या रात्री तो पोरगा बावरून दाराशी उभा. आजोबा आरामखुर्चीत, तोंड भिंतीकडे. थोड्या वेळाने भिंतीकडे तोंड ठेवूनच त्यांनी विचारलं, "ऊटा आतेनो तम्मा?" जेवलास का रे बाळा? नात बघतच राहिली. आजोबांनी चाळीस वर्षं बाजारात भुसाराचं दुकान चालवलं, गिऱ्हाईक सगळं बैलहोंगल-सौंदत्तीकडचं. त्यांचं कन्नड आमच्यापेक्षा चांगलं आहे. घरात मात्र कुणाला कधी ऐकू आलं नव्हतं. ते आत्ता तिसऱ्या रांगेत बसलेत आणि आमच्याकडे रागाने बघत आहेत.

पुढच्या मे महिन्यासाठी आमच्याकडे अकरा मुलांची नावं आली आहेत. तिकडून नऊ मुलं येतील. त्यांना ठेवायला घरं मिळाली आहेत सहाच. ज्यांच्याकडे एका मुलाची सहा दिवस सोय होईल त्यांनी आरतीनंतर मंडपाच्या डाव्या बाजूला वही ठेवली आहे तिथे नाव द्यावं. खाट लागत नाही, चटई चालते. जेवण शाकाहारी हवं.